गिरणगावातली खानावळ : उधारीवर उभ्या राहिलेल्या एका धंद्याचं प्रकरण

लहान धंदा का चालतो, याची आपल्याकडे ठरलेली उत्तरं आहेत. हाताला चव हवी, जागा मोक्याची हवी, बोलणं गोड हवं, कष्टाची तयारी हवी. मुंबईच्या गिरणगावात खानावळ चालवणाऱ्या बायकांकडे हे सगळं होतं. लालबाग, परळ, नायगाव, वरळीच्या चाळींत गिऱ्हाईक दाराशी चालत येत होतं. तरीही त्यांतल्या बहुतेकींच्या हाती महिनाअखेर काही उरत नसे, आणि गळ्यातलं डोरलं वर्षातले कितीतरी महिने गहाण असे.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर यांतल्या काही बायकांच्या धंद्यात एकच गोष्ट बदलली. चूल तीच, खोली तीच, जेवणारे तेच. पण पैसे उरू लागले. पुढे १९८२ साली दुसरी एक गोष्ट बदलली आणि ज्यांचं बरं चाललं होतं त्यांचाही पाया गेला. एकाच धंद्यात, एकाच वस्तीत, दहाएक वर्षांच्या आत असे दोन बदल होणं दुर्मीळ. कुठल्या गोष्टीने काय होतं ते इथे बऱ्यापैकी सुटं करून पाहता येतं, म्हणून हे प्रकरण.

धंद्याची घडण

गिरणीत काम करणारा माणूस बहुतेक वेळा एकटा मुंबईत असे. कोकणातून किंवा घाटावरून, म्हणजे सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे या बाजूने आलेला. बायकामुलं गावी. राहायला गावकऱ्यांनी मिळून घेतलेली खोली. तिच्यात प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी आणि झोपायची जागा पाळीप्रमाणे. रातपाळीचा उठला की दिवसपाळीचा आडवा होणार. अशा खोलीत स्वयंपाक होणं शक्य नव्हतं. मग जवळच्या चाळीतल्या एखाद्या मावशीकडे महिन्याच्या बोलीवर दोन वेळचं जेवण लावायचं.

ही मावशी कोण होती, हेही पाहायला हवं. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत साधारण पाचवा हिस्सा बायकांचा होता. वाइंडिंग आणि रीलिंग ही सूत गुंडाळण्याची खाती जवळजवळ त्यांचीच. पुढे रॅशनलायझेशन, म्हणजे कमी माणसांत जास्त काम काढणं, आलं, नवी यंत्रं आली, रातपाळी बायकांना कायद्याने बंद होती, प्रसूतीच्या रजेचा खर्च मालकांना नको होता. आणि हा हिस्सा घटत घटत सत्तरच्या दशकापर्यंत नाममात्र उरला. गिरणीतून बाहेर पडलेली बाई, विधवा झालेली बाई, जिचा नवरा आजारी किंवा बाटलीच्या नादी लागलेला अशी बाई, यांना भांडवलाशिवाय सुरू करता येईल असा धंदा एकच होता. घरात पाच माणसांचं करायचंच आहे, तर पंधरांचं करू.

भांडवलाशिवाय, असं सगळेच म्हणतात. खरं तर भांडवल होतं, ते हिशेबात धरलं जात नव्हतं इतकंच. पहिलं म्हणजे खोली. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने चाळींची भाडी गोठवून ठेवली होती. दहा बाय दहाच्या त्या खोलीचं भाडं धंद्याला जवळपास जाणवतच नसे. आज त्याच भागात कुणी स्वयंपाकाला गाळा भाड्याने घेऊन पाहावा, म्हणजे त्या कायद्याने खानावळीला न सांगता केवढी मदत केली होती ते कळेल. दुसरं, घरातली माणसं. पहाटे चारला स्टो पेटायचा. पाणी भरायला, वाटण वाटायला, भाकऱ्या थापायला लेकी आणि सुना. यांतल्या कुणाला पगार नव्हता. मोठ्या मुलीची शाळा सुटायची ती बहुतेकदा इथेच. खानावळीच्या नफ्याचा मोठा भाग म्हणजे ही न दिलेली मजुरी, आणि ‘घरगुती उद्योगां’च्या यशोगाथा वाचताना मला हा आकडा नेहमी गाळलेला दिसतो.

तिसरी गोष्ट गावाची. कोकणातल्या माणसाला भात आणि मासळी हवी, घाटावरच्याला भाकरी आणि झणझणीत कालवण. त्यामुळे मालवणकडच्या बाईकडे मालवणकडचे, साताऱ्याकडच्या बाईकडे साताऱ्याकडचे. चवीच्या आड जातही होतीच. कोण कुणाच्या हातचं जेवतो हे गिरणगावात ठरलेलं होतं आणि लाल बावट्याखाली एकत्र बसणारे लोक जेवायला वेगवेगळ्या खोल्यांत जात. धंद्याच्या भाषेत याला कुणी निष्ठावंत गिऱ्हाईक म्हणेल. तसं ते होतंही. पण ज्या बाईच्या हातचं खायला बाकीचे तयार नव्हते, तिचा बाजार त्याच रिवाजाने आधीच आखडून ठेवला होता.

गावाचा एक फायदा मात्र निखळ होता: माहिती. कोण कायम आहे आणि कोण बदली, कुणाची जमीन गावी आहे, कुणाचा भाऊ कुठल्या खात्यात आहे, हे मावशीला ठाऊक असे. बदली कामगाराला महिन्यात किती दिवस काम मिळेल याची खात्री नसायची, तेव्हा त्याला किती दिवस नावावर मांडून खाऊ घालायचं, हा निर्णय ती करत असे. कुणी बुडवून पळाला तर निरोप थेट त्याच्या गावी जाई. कर्जदाराची पारख करायला बँका पुढे जी खाती उघडून बसल्या, ते काम ही बाई भाकरी थापता थापता करत होती.

विकलं काय जात होतं

नाक्यावर इराणी होता. त्याच्याकडे चहा, ब्रून, खिमा मिळत होता, आणि वेळेचं बंधनही नव्हतं. तरी कामगार महिनाभर इराण्याकडे जेवू शकत नव्हता, कारण तिथे खिशात रोकड लागे. मावशीकडे लागत नसे. तिचं जेवण म्हणजे जेवण अधिक एक महिन्याची उसनवारी, आणि गिऱ्हाईक यायचं ते या दुसऱ्या वस्तूसाठीही. म्हणूनच ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी किराणा दुकानात शोभते. खानावळीत ती लावली असती तर दुसऱ्या दिवशी पंगत रिकामी राहिली असती.

आता पगाराचं बघू. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यानुसार हजार किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याने महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत द्यायचा असे. गिरण्या या वर्गात बसत. म्हणजे एक तारखेला मावशीकडे जेवलेल्या पहिल्या घासाचे पैसे चाळीस दिवसांनी यायचे. भाजीवाली आणि कोळीण मात्र रोजच्या रोज पैसे मागणार.

हा चाळीस दिवसांचा खड्डा किती खोल आहे ते आजच्या रुपयांत मांडून बघू. हे आकडे मी समजण्यासाठी धरलेले आहेत, कुण्या एका खानावळीचे नाहीत. वीस मेंबर, प्रत्येकी महिना ३,५०० रुपये. एकूण येणं ७०,०००. त्यात कच्चा माल ५२,५००, म्हणजे रोज १,७५०. इंधन, पाणी, वीज, भांडीवाली मिळून ९,०००. उरले ८,५००. हीच तिची मजुरी आणि हाच तिचा नफा.

पण दहा तारखेला पहिला पैसा हाती येईपर्यंत चाळीस दिवसांचा माल आणून झाला आहे: ७०,००० रुपये. महिन्याच्या सगळ्या येण्याइतकी रक्कम तिने आधीच कुठून तरी उभी केलेली असते. ती यायची दोन ठिकाणांहून. तांदूळ, डाळ, तेल, पीठ, मसाला हा महिन्याला ३५,००० चा माल वाण्याच्या खात्यावर. वाणी व्याज म्हणून काही लावत नसे. रोखीच्या भावापेक्षा आठ टक्के चढा भाव लावला की २,८०० रुपये झाले. वर मोजमापाला आणि मालाच्या दर्जाला बोलायची सोय नाही, कारण खातं त्याच्याकडे आहे. भाजी, मासळी, मटण या रोखीच्या खरेदीसाठी चाळीस दिवसांचे सव्वातेवीस हजार लागतात. ते दागिना ठेवून महिना तीन टक्क्यांनी काढले तर ७०० रुपये. दोन्ही मिळून ३,५००. आठ हजार पाचशेमधले पाच हजार उरले.

हीच ७०,००० ची रक्कम वर्षाला १२ टक्क्यांनी बँकेकडून मिळाली तर महिन्याचं व्याज ७०० रुपये होतं. मग उरतात ७,८००. भाकरी एकही जास्त थापलेली नाही, चव तीच, गिऱ्हाईक तेवढंच, आणि बाईची कमाई दीडपटीहून जास्त.

दुसरा आकडाही डोळ्यांसमोर ठेवावा. वीसांतल्या तिघांनी एक महिना बुडवला तर १०,५०० गेले. महिनाभराची कमाई जाऊन वर दोन हजारांचा खड्डा. वीस गिऱ्हाइकांच्या धंद्यात तीन माणसं ही काही मोठी गोष्ट नव्हे. एखादं खातं बंद पडलं, एखाद्याला काढून टाकलं, एखादा गावी गेला तो परतलाच नाही. मावशीचं तोंड फटकळ असे अशी गिरणगावात ख्याती आहे. हा हिशेब मांडला की त्या फटकळपणाचं कारण स्वभावात शोधावं लागत नाही.

पहिला बदल

१९७३-७४ च्या हिवाळ्यात गिरण्यांमध्ये संप झाला आणि तो सुमारे सहा आठवडे चालला. पगार बंद, जेवण चालू. संपावरच्या माणसाला ताटावरून उठवणं शक्य नव्हतं. तो गावचा होता, आणि त्याला उठवलं असतं तर मागची बाकीही गेली असती. वरच्या हिशेबात चाळीस दिवसांच्या जागी ब्याऐंशी दिवस घाला. पुढ्यात १,४३,५०० रुपयांचा खर्च उभा राहतो, महिन्याच्या येण्याच्या दुप्पट. संप मिटल्यावर कामगार हळूहळू सावरला. खानावळवालीच्या डोक्यावर मात्र वाण्याचं आणि सावकाराचं देणं राहिलं. कामगारांच्या लढ्याचा रसदपुरवठा तिने केला होता आणि कुठल्याही करारात तिचं नाव नव्हतं.

हे ज्यांच्या ध्यानात आलं त्या प्रेमा पुरव. गोव्यात वाढलेल्या, गोवा मुक्तीच्या चळवळीतून आलेल्या, मुंबईत कम्युनिस्ट पक्षाच्या आणि कामगार चळवळीच्या कार्यकर्त्या. या बायकांना घेऊन त्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. पुढे २००२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण या प्रकरणात मला त्यांच्याइतकाच महत्त्वाचा वाटतो तो काळ.

१९६९ च्या जुलैत चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं. १९७२ मध्ये विभेदक व्याजदर योजना आली: अगदी गरिबांना चार टक्क्यांनी कर्ज. १९७५ च्या जुलैत वीस कलमी कार्यक्रम जाहीर झाला आणि दुर्बल घटकांना कर्ज दिल्याचे आकडे दाखवणं शाखाधिकाऱ्यांना भाग झालं. बँकेला कर्जदार हवे होते आणि गिरणगावात कर्ज हवं असलेल्या बायका होत्या. तरीही दोघांची गाठ पडत नव्हती. बाईकडे तारण नाही, सही येत नाही, धंद्याचा परवाना नाही, बँकेत पाऊल टाकायचं धाडस नाही; आणि शाखाधिकाऱ्याच्या लेखी खानावळ हा धंदाच नाही, तो घरचा स्वयंपाक.

मंडळाने केलं ते हे मधलं काम. एका वस्तीतल्या बायकांचा गट, गटातल्या बायका एकमेकींना जामीन, गटाची एक पुढारी. कागद भरायला आणि बँकेत सोबत यायला मंडळाच्या कार्यकर्त्या. प्रेमाताईंचे पती दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे मोठे नेते होते, हा योग यात मोलाचा होता. बँकेच्या काउंटरपलीकडे ओळखीचा माणूस असणं म्हणजे काय, हे आपल्यापैकी कुणाला सांगायला नको. पहिल्या खेपेला चौदा जणींना प्रत्येकी १,५०० रुपये मिळाले, असं मंडळाच्या इतिहासात सांगितलं जातं.

या रकमेतून धंदा वाढवावा, नवी भांडी घ्यावीत, अशी बँकेची अपेक्षा असते. खानावळवालीने पहिल्या कर्जातून आधी वाण्याचं आणि सावकाराचं देणं फेडणं स्वाभाविक होतं. कर्जाचा गैरवापर म्हणून अशा गोष्टीवर शेरे मारले जातात. वरचा हिशेब पाहिला तर धंद्यात याहून जास्त परतावा देणारी दुसरी गुंतवणूकच तिच्याकडे नव्हती. वाण्याचं खातं बंद झालं की ती रोखीने, हव्या त्या दुकानातून, ठोक भावात माल घेऊ शकत होती. घासाघीस करण्याची ताकद तिच्या हातात आली ती इथे.

परतफेड चांगली झाली, हे या प्रयोगाचं सगळीकडे झालेलं कौतुक. त्याचं श्रेय बायकांच्या प्रामाणिकपणाला दिलं जातं. ते आहेच. पण एक साधी बाब राहून जाते: या बायकांचं येणं महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, एकरकमी येत होतं. दहा तारखेला पगार, अकरा-बाराला वसुली, पंधराच्या आत हप्ता. शेतकऱ्याला किंवा फेरीवाल्याला हे सुख नाही. गिरणीचा पगार जोवर नियमित होता तोवर ही कर्जं बँकेच्या दृष्टीने जवळपास पगारदाराला दिलेल्या कर्जाइतकी सुरक्षित होती. हे वाक्य पुढे महागात पडणार होतं.

दुसरा बदल

१८ जानेवारी १९८२ ला कामगारनेते डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. हा संप रीतसर कधी मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला. काही गिरण्या पुन्हा सुरू झाल्या, थोड्या कामगारांना परत घेतलं, बाकीचे बाहेर राहिले.

खानावळीच्या दृष्टीने ७४ चा संप आणि ८२ चा संप यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. आधीच्या संपात कामगार मुंबईत थांबला होता, म्हणून बाकी वाढली पण बाकीदार समोर होता. या वेळी महिने उलटत गेले तसा तो गावी गेला. ज्या गावच्या धाग्याने मावशीला गिऱ्हाईक मिळत होतं, वसुली होत होती, तोच धागा गिऱ्हाइकाला मुंबईबाहेर घेऊन गेला. गावी निरोप पाठवून काय होणार? तिथे तरी पैसे कुठे होते?

वीस मेंबर म्हणजे वीस वेगळी गिऱ्हाइकं, असं वाटतं. प्रत्यक्षात ती दोन-तीन गिरण्यांची माणसं होती आणि सगळ्या गिरण्या मिळून एकच कापडधंदा. कागदावर वीस, धोक्याच्या हिशेबाने एक. स्वस्त कर्जाने चाळीस दिवसांचा खड्डा बुजला होता. पुढचा पगार येणारच नसेल तर त्या कर्जाने काहीच होत नाही, उलट हप्ता तेवढा राहतो.

मग तगलं कोण? इथे मी नावं-गावं सांगणार नाही, पण धंद्याची रीत पाहिली तर तीन वाटा दिसतात. गिरणगावाच्या कडेला, दादर-नायगावच्या बाजूला, ज्यांच्याकडे आधीच काही कचेरीतले, बँकेतले, महापालिकेतले लोक जेवत होते, त्यांना वाढवायला बी शिल्लक होतं. दुसरी वाट मंडळाने स्वतः धरली: एकेकट्या खोलीतला स्वयंपाक एकत्र आणून मोठ्या ऑर्डरी घ्यायच्या, कँटीन चालवायचं, पोळ्या आणि सणाचे पदार्थ विकायचे. दादरला आणि पुढे वाशीला मंडळाचं काम वाढलं ते या दिशेने. तिसरी वाट म्हणजे खानावळ सोडून भाजी, मासळी, शिवण, पापड, जे जमेल ते. पुण्यात प्रेमाताईंच्या कन्या डॉ. मेधा पुरव-सामंत यांनी बँकेतली नोकरी सोडून १९९३ पासून उभा केलेला अन्नपूर्णा परिवार याच शेवटच्या वर्गातल्या बायकांना कर्ज देतो. त्यासोबत आरोग्याचा आणि आयुष्याचा परस्पर विमा, म्हणजे सभासदांनी आपसांत मिळून उभारलेला विमा, आणि पाळणाघरंही चालवतो. विम्याची ही जोड मला फार बोलकी वाटते. कर्ज खेळतं ठेवायला पैसा पुरतो, पण आजारपण आणि मरण हप्ता चुकवायला लावतात, हे ज्यांनी वस्तीत काम केलं त्यांना आधी कळलं.

दुसऱ्या वाटेची एक किंमतही होती. एकत्र स्वयंपाकघरात बाई मालकीण राहत नाही, ती पाळीवर येणारी कामगार होते. उत्पन्न स्थिर होतं, निर्णय हातून जातो. किती जणींना हे मानवलं आणि किती जणींना खटकलं, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. खानावळवाल्यांत तंटे नव्हते, सगळ्या बहिणी-बहिणी होत्या, असं लिहिणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. शेजारच्या चाळीतलं गिऱ्हाईक फोडणं हाही या धंद्याचा भागच होता.

त्याच पिनकोडवर आज

गिरण्यांच्या जमिनी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनंतर आणि विशेषतः २००१ च्या बदलानंतर खुल्या झाल्या. लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला, कमला मिलच्या आवारात कचेऱ्या आणि हॉटेलं. म्हणजे पोटभर जेवणाची गरज असलेली हजारो माणसं त्याच रस्त्यांवर रोज परत येऊ लागली. जागा मोक्याची असली की धंदा चालतो, हे खरं असतं तर जुन्या खानावळी इथे पुन्हा फुलायला हव्या होत्या.

तसं झालं नाही, आणि कारणं चवीची नाहीत. या नव्या गिऱ्हाइकाकडे पैसा रोजचा रोज आहे, तो मोबाइलवरून देतो. त्याला उधारीची गरजच नाही. मावशीच्या ताटातली जी दुसरी वस्तू होती तिला आता मोल राहिलं नाही. उरलं फक्त जेवण, आणि जेवणाच्या बाजूने तिला ॲपवरच्या शंभर स्वयंपाकघरांशी सामना आहे. शिवाय गोठलेल्या भाड्याची खोली पुनर्विकासात गेली. टॉवरमधला फ्लॅट मिळाला तरी तिथे वीस माणसांची ये-जा सोसायटी चालू देत नाही. गावचा धागाही सुटला. मालवणी जेवण आता मालवणकडच्यांनाच हवं असतं असं नाही, ही मात्र चांगली गोष्ट झाली. ज्यांनी त्याचा फायदा घेतला ते बहुतेक नवे लोक होते, गाळा, फ्रीज आणि पाटी यांत पैसे घालू शकणारे.

उधारी मात्र संपलेली नाही, ती फक्त वरच्या मजल्यावर गेली. पूर्वी ती एकेका कामगाराची होती, आता ती कंपनीची, शाळेची, सरकारची आहे. पन्नास डब्यांची ऑर्डर देणारी कचेरी बिल घेते आणि पैसे साठ-नव्वद दिवसांनी सोडते. २६ जानेवारी २०२० ला राज्य सरकारने सुरू केलेली शिवभोजन थाळी हे याचंच मोठं उदाहरण. शहरात थाळीचा खर्च ५० रुपये धरला, गिऱ्हाईक १० देणार, ४० सरकार देणार. ग्रामीण भागात ३५ धरले, त्यातले २५ सरकारचे. केंद्रं चालवणाऱ्यांत लहान खानावळी आणि महिला बचतगट मोठ्या संख्येने होते. योजना चांगली, रांगा लागल्या. पण पंचवीस काय नि चाळीस काय, थाळीतला मोठा वाटा सरकारकडून येणार आणि तो महिनोन् महिने थकल्याच्या तक्रारी केंद्रचालक करत राहिले. गिरणीमालकाने पगाराची तारीख पाळली होती, कारण कायदा होता आणि युनियन होती. केंद्रचालकाकडे यांतलं एकही नव्हतं. आणि गिऱ्हाईक पुन्हा एकच, फक्त या वेळी ते सरकार.

लहान पुरवठादाराचे पैसे वेळेत मिळावेत म्हणून कायदा आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने पंचेचाळीस दिवसांची कमाल मुदत घातली आहे आणि त्यापुढे रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज सांगितलं आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पाने आयकराची मेखही मारली: सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल मुदतीत चुकवलं नाही, तर तो खर्च देणाऱ्याला पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी धरता येतो. डबे पुरवणारी बाई ‘उद्यम’ ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी करून या कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. नोंदणी फुकट आहे, आधार आणि पॅनवर होते, आणि बिलावर तो क्रमांक छापलेला असला तर कंपनीच्या हिशेबनीसाचं लक्ष त्या बिलाकडे जरा लवकर जातं.

इथवर ठीक. पण तक्रार करायची म्हणजे पन्नास डब्यांच्या गिऱ्हाइकाविरुद्ध करायची. तिच्याकडे रोज जाणारे डबे ऐंशी आणि त्यांतले पन्नास याच कचेरीचे असतील, तर ती तक्रार करणार नाही, आणि हे कचेरीलाही माहीत असतं. तेच पन्नास डबे पाच कचेऱ्यांत वाटलेले असतील तर एकीला नोटीस पाठवणं परवडतं. मोठी ऑर्डर चालून आली की हिशेब करावा तो या बाजूने: बिलाचे पैसे येईपर्यंतचे दिवस गुणिले रोजचा माल, एवढी रक्कम आपल्याजवळ किंवा बँकेच्या कॅश क्रेडिटमध्ये, म्हणजे लागेल तसे पैसे काढायच्या कर्जखात्यात, आहे का, आणि हे गिऱ्हाईक उद्या गेलं तर स्टो किती दिवस पेटता राहील.